आधी पिवळा घालवा

सुवर्णमहोत्सवी अंकासाठी प्रयोगशाळेवर लिहायचे, तर ज्योत परीक्षेवरच लिहावे: तारेच्या टोकावर क्षार घेऊन बर्नरच्या ज्योतीत धरायचा आणि ज्योतीच्या रंगावरून त्यातला धातू ओळखायचा. आपल्याकडचा सर्वांत देखणा प्रयोग तोच, आणि हमखास फसायचा तोही. दोष बहुतेक वेळा सोडियमचा.

मीठ कुठे नसते? बोटांच्या घामात असते, धुळीत असते, नळाच्या पाण्यातही असते. त्यातल्या सोडियमचा पिवळा (वर्णपटात 589.0 आणि 589.6 नॅनोमीटर तरंगलांबीच्या, अगदी शेजारच्या दोन रेषा) इतका प्रखर, की अंशभर सोडियमही पोटॅशियमची फिकट जांभळी ज्योत गिळून टाकते. म्हणून तार संहत हायड्रोक्लोरिक आम्लात बुडवायची, ज्योतीत धरायची, आणि ज्योत रंगेनाशी होईपर्यंत हेच पुन्हा पुन्हा. मग ती बोटाने पुसली, की केले-सवरले पाण्यात. प्लॅटिनम महाग, म्हणून शाळांत नायक्रोमची, म्हणजे निकेल-क्रोमियमच्या मिश्रधातूची तार. ती आम्लाने झिजते, टोक अधूनमधून कापावे लागते. तार बसवलेली काचेची दांडी तापली तरी पिवळा उमटतो, कारण काचेतही सोडियम असतेच. बर्नरची हवेची खिडकी बंद राहिली तर काजळीचा पिवळा, तो आणखी वेगळा.

आम्ल नुसते सफाईसाठी नाही. क्लोराइडे सहज बाष्परूप होतात, म्हणून क्षार आम्लात ओला करूनच तारेवर घ्यायचा. बेरियम सल्फेट मात्र तरीही दाद देत नाही. ते ज्योतीच्या आतल्या, क्षपणकारक (ऑक्सिजन काढून घेणाऱ्या) भागात तापवून थोडे सल्फाइड होऊ द्यायचे, मग आम्लाचा थेंब. तेव्हा कुठे पोपटी दिसतो.

कॅल्शियमचा विटकरी आणि स्ट्रॉन्शियमचा किरमिजी यांत गोंधळ व्हायचाच. निळ्या कोबाल्ट काचेतून पाहिले, की कॅल्शियम फिकट हिरवे दिसते, स्ट्रॉन्शियम जांभळे. पिवळा ही काच अडवतेच; पोटॅशियम तिच्यातून किरमिजी दिसते.

आजच्या शिक्षकांना एक सुचवावेसे वाटते. कमी दाबाचा सोडियम दिवा लावा. सुरुवातीला तो लालसर दिसेल, तो दिव्यातल्या निऑन वायूचा प्रकाश. सोडियमची वाफ व्हायला काही मिनिटे लागतात. पिवळा स्थिरावला, की समोर मीठ लावलेली ज्योत धरा. ज्योत काळपट दिसते! तिच्यातले सोडियम दिव्याचा नेमका तोच प्रकाश शोषते. सूर्याच्या वर्णपटातल्या काळ्या रेषांचा उलगडा भौतिकशास्त्रज्ञ किरखॉफने 1859 मध्ये जर्मनीतल्या हायडेलबर्गला याच तत्त्वावर केला. रस्त्यावरचा जुना सोनेरी दिवा इथे चालणार नाही: तो जास्त दाबाचा, त्याच्या प्रकाशात नेमकी हीच तरंगलांबी आधीच शोषली गेलेली असते. कमी दाबाचा दिवा महाविद्यालयाच्या भौतिकशास्त्र विभागाकडून मागून आणावा.