चावीपाशी लावलेला बोर्ड

सासूबाईंच्या पाटल्या गेल्या, ते त्यांनी आम्हाला तीन दिवस सांगितलंच नाही. हातात काचेच्या बांगड्या दिसल्या म्हणून विचारलं तर म्हणाल्या, "संक्रांत जवळ आली की गं, भरल्या." चौथ्या दिवशी पाणी आलं. जुळे सोलापुरात आमच्या भागात नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं, आणि ते बहुतेक वेळा माणसं झोपल्यावरच येतं. रात्री दोन वाजता हौदापाशी आम्ही दोघीच. मोटर घरघरत होती. त्या आवाजाच्या आडोशाला त्यांनी सगळं सांगून टाकलं.

सकाळी देवळातून परत येताना मोटारसायकलवर दोघं आले. बारीक कापलेले केस, इस्त्रीचा शर्ट, पायात तपकिरी बूट. "आजी, पुढं खून झालाय, तपासणी चालूय. एवढं सोनं घालून कुठं निघालाव?" तेवढ्यात तिसरा एक जण चालत आला. त्याला यांनी दरडावलं, त्यानं मुकाट गळ्यातली साखळी काढून रुमालात बांधली. तो त्यांचाच माणूस. पण समोरचा मुकाट काढतोय म्हटल्यावर आपणही काढतो. सासूबाईंच्या पाटल्या आठ वर्षं निघत नव्हत्या, साबण लावूनसुद्धा. त्या दिवशी निघाल्या. "हाताला घाम सुटला होता," म्हणाल्या. त्या दोघांनीच कागदात बांधून दिल्या, पिशवीत ठेवा, घरी जाऊन बघा. घरी बघितलं तर दोन खडे आणि एक लोखंडी कडी.

तक्रार दिली. पाटल्या आल्या नाहीत.

यात्रेच्या दिवसांत गल्लीत बोर्ड लावायचे हे मग ठरलं. सिद्धेश्वराच्या यात्रेत आमच्याकडं घरंच्या घरं कुलपात असतात. भोगीला अक्षता सोहळा, मग होम मैदानावर शोभेचं दारूकाम. तेव्हा घरात थांबतो कोण? बैठक आमच्याच जिन्यावर झाली. कोपऱ्यावरचे काका निवृत्त मास्तर, त्यांनी मजकूर लिहूनच आणला होता: "नागरिकांनी आपल्या मौल्यवान वस्तूंबाबत दक्षता बाळगावी व संशयास्पद हालचाली आढळल्यास संबंधितांना अवगत करावे." सासूबाई आतून ऐकत होत्या. बाहेर येऊन म्हणाल्या, "ह्यात चोर कुठाय, मास्तर?"

दुसऱ्या एकांना "आपण सीसीटीव्हीच्या कक्षेत आहात" असं लिहायचं होतं. गल्लीत कॅमेरा एकच, तो त्यांचाच, आणि त्यात त्यांची स्वतःची स्कूटर तेवढी दिसते. तिसऱ्यांना हवं होतं, "अनोळखी व्यक्तीने येथे थांबू नये." त्याला मी आडवी गेले. असा बोर्ड लागला की भंगारवाला, चादरी विकायला येणारा पोरगा, पार्सल आणणारा, यांनाच पहिल्यांदा हटकणार. सासूबाईंना ज्यांनी लुबाडलं ते तर इतके नीटनेटके होते की या मंडळींनी त्यांना खुर्ची दिली असती.

बीट अंमलदार आले होते, त्यांनी दोन गोष्टी चांगल्या सांगितल्या. एक, माझा मोबाइल नंबर रंगवू नका. माझी बदली होईल, नंबर भिंतीवर राहील. 112 लिहा. दुसरी, घाबरवू नका, एवढंच लिहा की खरा पोलीस रस्त्यात कुणाला दागिने काढायला सांगत नाही. झालं, आमचा मजकूर तिथंच मिळाला. मी तो मोकळ्या बोलीत केला: "पोलीस दागिने काढायला सांगत नाहीत. जो सांगतो तो चोर. काढू नका, ओरडा."

खाली 112 आणि सायबर फसवणुकीसाठी 1930. हा दुसरा नंबर लक्षात कसा राहणार, असं कुणीतरी विचारलं. मास्तर एकदम ताठ बसले. "सोलापूरकराला 1930 पाठ करावं लागतंय होय? मार्शल लॉचं साल! चार हुतात्मे का उगाच फासावर गेले?" पुढचा पाऊण तास मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन. बोर्ड बाजूला राहिला. नंबर मात्र सगळ्यांचा पाठ झाला.

मग भाषेचा घोळ. आमच्या गल्लीत मराठी, कन्नड, तेलुगू, सगळंच. मराठीखाली कन्नड आणि तेलुगूही घालू म्हटलं. तेलुगू ओळ सांगताना शेजारची नात म्हणाली, "मी नगलु..." मी म्हटलं, मी काय? तर तेलुगूत "मी" म्हणजे "तुमचे". तुमचे दागिने. इतकी वर्षं शेजारी राहून हे मला ठाऊक नव्हतं. ओळ तयार झाली, ती तिच्या आजीला, आमच्या अक्कांना, दाखवायला गेले. अक्कांची हयात विड्या वळण्यात गेली. कागद हातात धरून त्या हसल्या. "बाई, मला कुठलंच वाचता येत नाही. चित्र काढ."

माझ्या डोक्यात ते आलंच नव्हतं. ज्यांना लुबाडतात त्या सगळ्या याच वयाच्या.

फ्लेक्स नकोच होता. सोलापूरच्या एका उन्हाळ्यात त्याचा रंग उडतो, मेमध्ये नुसता पांढरा कपडा लटकत राहतो. पत्र्यावर ऑइल पेंटनं लिहिणारा जुना पेंटर शोधला, हल्ली असे थोडेच राहिलेत. त्यानं हात, हातात पाटली, शेजारी कागदाची पुडी आणि वर लाल फुली काढली. आमच्या लेकानं बघितलं, "भजी खाऊ नका असं आहे का?" पेंटरनं एक शब्द न बोलता पुडी पुसली आणि तिथं मोटारसायकलवरचे दोघं काढले. अक्कांनी लांबूनच ओळखलं.

सार्वजनिक जागी बोर्ड लावायला लेखी परवानगी लागते, विद्रूपीकरणाविरुद्ध 1995 चा कायदा आहे. तो अर्ज, शिक्के, त्याची कथा सांगत नाही.

कुठं लावायचा, यावर मात्र मी हट्ट धरला. सगळ्यांना गल्लीच्या तोंडाशी, उंच हवा होता, म्हणजे चोराला दिसेल. चोर बोर्ड वाचून परत जातो होय? पाच बोर्ड केले होते, चार त्यांच्या मनासारखे लावले. पाचवा मी पाण्याच्या व्हॉल्व्हशेजारच्या, म्हणजे चावीपाशीच्या, भिंतीवर लावून घेतला, छातीच्या उंचीवर. चावीवाला तिथं येतो आणि त्याच्याभोवती गल्लीतल्या सगळ्या बायका गोळा होतात. पाणी कधी सोडणार, किती वेळ, प्रेशर का नाही. तिथं अर्धा तास उभं राहून भिंतीकडं बघण्याशिवाय दुसरं काही काम नसतं.

परवा तिथंच गेले होते. मागच्या गल्लीत नवीन भाडेकरू आलेत, त्यांच्या सासूला आमच्या सासूबाई बोर्ड समजावून सांगत होत्या. चित्रातल्या मोटारसायकलवर बोट ठेवून, "हा पुढं बसलेला बोलत होता, मागचा नुसता बघत होता." ज्या गोष्टीसाठी मोटरच्या आवाजाचा आडोसा लागला होता, ती आता भर रस्त्यात, हातवारे करून. ऐकत उभी राहिले. पाटल्या दोनच्या चार झाल्या होत्या, आणि खड्याऐवजी पुडीत आता विंचू निघाला होता.

मी काही बोलले नाही. चावीवाला आला होता, मी त्याला प्रेशरचं विचारलं.