वीस मिनिटांचा चौकोन

दुपारी नुकती पाठ टेकली होती, तेवढ्यात अमेरिकेतल्या भाचीचा फोटो आला. सार्वजनिक वाचनालयाचा बालविभाग, खाली रंगीत गालिचा, गालिच्यावर एक भलाथोरला केसाळ कुत्रा आणि त्याच्यासमोर मांडी घालून तिची लेक पुस्तक वाचतेय. 'मावशी, उन्हाळी वाचन सुरू झालं बघ. कुत्र्याला वाचून दाखवायचं असतं!' कुत्र्याचे डोळे मिटलेले होते. श्रोता मुरलेला दिसत होता.

झोप उडालीच माझी. सॉल्ट लेक सिटीत १९९९ साली एका संस्थेने खास शिकवून तयार केलेली कुत्री मुलांच्या वाचनासाठी न्यायला सुरुवात केली आणि ते लोण वाचनालया-वाचनालयांतून पसरलं. अडखळत वाचणारं मूल कुत्र्यासमोर लाजत नाही, एवढीच त्यातली गोम. कुत्रा उच्चार सुधारत नाही, 'यातून तू काय शिकलास?' असं विचारत नाही, घड्याळाकडे तर बघतच नाही. आम्हाला धडा वाचायला उभं करायचे तेव्हा जोडाक्षर अडण्याची वाट बघत अख्खा वर्ग टपून बसलेला असायचा. त्या श्रोत्यांपेक्षा कुत्रा केव्हाही बरा.

पाठोपाठ दुसरा फोटो आला आणि माझ्या कपाळाला आठ्या पडल्या. एक तक्ता, त्यावर चौकोनच चौकोन. वीस मिनिटं वाचलं की एक चौकोन रंगवायचा, ओळ भरली की स्टिकर, तक्ता भरला की एक पुस्तक बक्षीस. बक्षीस पुस्तकाचंच आहे, तेव्हा त्यावर बोलत नाही. पण वीस मिनिटं? एकोणिसाव्या मिनिटाला राक्षस गुहेतून बाहेर आला तर पोरीने करायचं काय?

सुट्टीत मिनिटं मोजू नयेत हा माझा जुना हट्ट. आमच्या वाचनालयात कार्यक्रम वगैरे काही नव्हते. एक काका होते, एक पंखा होता आणि एक नियम होता: एका वेळी एक पुस्तक, आणि दिवसातून एकदाच बदलून मिळणार. सकाळी नेलेलं पुस्तक घरी पोचेस्तोवर निम्मं झालेलं असायचं, चालता चालता वाचल्यामुळे गुडघे फुटायचे ते वेगळंच. दुपारी परत जाऊन उभं राहिलं की काका रजिस्टरातून मान वर न करता म्हणायचे, "आज नेलंस ना? उद्या." वाचलं म्हटलं तर विश्वास नाही. मग परीक्षा. "बरं, तो मुलगा शेवटी कुठे सापडतो?" उत्तर बरोबर आलं तरी पुस्तक उद्याच!

मग त्या उरलेल्या लांबलचक दुपारी तेच पुस्तक पुन्हा. ते संपलं की मलपृष्ठावरच्या जाहिराती, मुद्रकाचं नाव, आवृत्ती कितवी. तेही संपलं की शेवटच्या पानाला डकवलेल्या चिठ्ठीवरचे तारखांचे शिक्के. हे पुस्तक मध्येच दोन वर्षं कुणीच कसं नेलं नाही? आणि मग लागोपाठ तीनदा कुणी नेलं असेल, एकाच मुलीने की काय? काही पुस्तकांची शेवटची पानं गायब असत. त्यांचा शेवट आम्ही आपापला करून घ्यायचो आणि त्यावरून भांडायचो. खरा शेवट पुढे मोठेपणी वाचला तेव्हा तो बहुतेक वेळा फिकाच निघाला.

ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम रंगनाथनांनी १९३१ साली मांडले. त्यातला चौथा, वाचकाचा वेळ वाचवा. आमच्या काकांनी तो ऐकलेला नव्हता, किंवा ऐकून सोडून दिला होता. त्यांनी आमचा वेळ कधीच वाचवला नाही. वाचवून ठेवणार तरी कुठे होतो?

तिकडे मात्र मुलांच्या वाचनाला शिस्त लावायची हौस जुनी दिसते. अमेरिकेतल्या क्लीव्हलंडच्या वाचनालयाने १८९७ मध्ये मुलांचा संघ काढला, त्यात पुस्तकं धुतलेल्या हातांनी धरण्यावर भर होता. ब्रिटनमधली वाचनालयं १९९९ पासून सुट्टीत सहा पुस्तकं वाचण्याचं आव्हान देऊ लागली. सहाच का, कोण जाणे. बार्बरा हेन्स या समाजशास्त्रज्ञ बाईंनी अटलांटातल्या सहावी-सातवीच्या मुलांच्या सुट्टीतल्या शिक्षणाचा अभ्यास १९७८ मध्ये पुस्तकरूपात मांडला. त्यातही सुट्टीत सहा किंवा जास्त पुस्तकं वाचणारी मुलं वाचनात पुढे सरकलेली आढळली. आणि सुट्टीतल्या या प्रगतीला वाचनालयाइतका हातभार दुसऱ्या कुठल्या सार्वजनिक संस्थेने लावलेला त्यांना दिसला नाही. असो, आकडा चांगला आहे.

एका हिशेबाला मात्र मी मनापासून दाद दिली. लॉस एंजेलिस काउंटीच्या वाचनालयाने २०१७ मध्ये एकवीस वर्षांपर्यंतच्या वाचकांना सांगितलं, दंड थकलाय ना? इथे बसून वाचा. तासाला ५ डॉलर वळते करू. वाचनाची मजुरी! काकांच्या राज्यात ही सोय असती तर मी सगळ्या आळीचा दंड फेडून दिला असता.

संध्याकाळी भाचीला फोन केला, तक्त्याबद्दल दोन शब्द सुनवायला. ती म्हणाली, "मावशी, निम्मी मुलं तक्त्यासाठी येतच नाहीत गं. जेवायला येतात." शाळेला सुट्टी लागली की शाळेतलं फुकट जेवणही थांबतं. म्हणून सरकारी योजनेतलं, अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांना मिळणारं दुपारचं जेवण उन्हाळ्यात कितीतरी वाचनालयांतून वाढलं जातं. जेवून झालं की कुणी कागदाचे पक्षी करत बसतं, कुणी गारव्याला थांबतं, कुणाला तो कुत्रा दिसतो.

"बरं, तुला काय सांगायचं होतं?" तिने विचारलं.

काही नाही म्हटलं. कुत्र्याचं नाव काय, ते तेवढं विचारून घेतलं.