तुम्ही विचारलंत म्हणून: रविवारची वाचने आणि नाक्यावरची माणसे

चर्चमध्ये रविवारी बायबलमधले जे उतारे वाचतात, ती दोन हजार वर्षांपूर्वीची वाचने आजच्या जगण्याशी, आणि तेही मालिका-सिनेमांशी तुम्ही कशी जुळवता, असे मला शेजारी विचारतात आणि चर्चमधली तरुण मुलेही विचारतात. खरे तर मी जुळवायला बसत नाही. येत्या रविवारची वाचने मी सोमवारीच वाचून ठेवतो. त्यांतली एखादी ओळ मनात घर करते आणि आठवडाभर जे दिसते ते त्या ओळीच्या उजेडात दिसू लागते.

कॅथलिक चर्चमध्ये रविवारच्या वाचनांचे चक्र ३ वर्षांचे असते: येशूचे चरित्र सांगणाऱ्या चार शुभवर्तमानांपैकी एक वर्ष मत्तयाचे, एक मार्कचे, एक लूकचे, आणि योहान मुख्यतः पुनरुत्थानकाळात, म्हणजे ईस्टरपासूनच्या आठवड्यांत. आवडीचा उतारा निवडण्याची मुभा नसते, आणि मला हे फार मोलाचे वाटते, कारण अडचणीचा उतारा टाळताही येत नाही.

२४ सप्टेंबर २०२३ च्या रविवारी, ऐन गणेशोत्सवात, मत्तयाच्या विसाव्या अध्यायातला द्राक्षमळ्याचा दाखला, म्हणजे येशूने सांगितलेली बोधकथा, होता. मळ्याचा धनी पहाटे एक दीनार, म्हणजे त्या काळचे एक नाणे, दिवसाची मजुरी ठरवून मजूर आणतो, मग नऊ, बारा, तीन आणि अगदी पाच वाजताही आणखी मजूर आणतो, आणि संध्याकाळी सर्वांच्या हातावर सारखाच एक दीनार ठेवतो. त्या मिस्सेत, म्हणजे रविवारच्या उपासनेत, पहिले वाचन माझ्याकडे होते: ‘माझे विचार ते तुमचे विचार नव्हेत’ हे यशया संदेष्ट्याच्या ग्रंथाच्या ५५ व्या अध्यायातले.

त्या आठवड्यात एकदा मी कोपरखैरण्यातल्या, मजूर कामासाठी उभे राहतात त्या नाक्यावरून नेहमीपेक्षा उशिरा, अकराच्या सुमारास गेलो. गवंडी, रंगारी, बिगारी अशी सकाळची गर्दी पांगली होती आणि आठ-दहा जण उरले होते. एक जण घमेले पालथे घालून त्यावर बसला होता. दुसऱ्याने काम न मिळताच डबा उघडून भाकरी खायला घेतली होती. ‘तुम्ही दिवसभर रिकामे का उभे आहात?’ या धन्याच्या प्रश्नाला दाखल्यातले मजूर ‘आम्हाला कोणी कामावर लावले नाही’ असे उत्तर देतात. लहानपणापासून मला ती आळशी माणसांची सबब वाटत आली होती. त्या डब्यापाशी ती तशी वाटेना, कारण दिवसाची मजुरी अर्धी मिळाली म्हणून घरातली भूक अर्धी होत नाही.

आता मालिकांविषयी. माझी आई रोज संध्याकाळी जी मालिका पाहते, तिच्यात शेकडो भाग सोसलेल्या सुनेच्या हाती अखेर घराच्या किल्ल्या येतात, आणि आयत्या वेळी आलेल्याची फजिती होते. या कथांना मी नावे ठेवत नाही. सोसणाऱ्याला फळ मिळावे ही भूक खरी आहे, आणि येशूचा दाखला उभा आहे तो त्याच भुकेवर. धनी पैसे वाटताना मुद्दाम शेवटी आलेल्यांपासून सुरुवात करायला सांगतो. पहाटेच्या मजुरांना आधी पैसे दिले असते, तर ते समाधानाने घरी गेले असते आणि तक्रार उद्भवलीच नसती. त्यांना ते सारे पाहायला लावणे हा कथेचा प्राण आहे. त्या रविवारी जेवताना मी आईला हे सांगितले, तेव्हा ती तत्काळ म्हणाली, “पण पहाटेपासून उन्हात राबले त्यांचं काय?” हे नेमके त्याच मजुरांचे वाक्य होते. मालिकेने तिचा कान तयार केला नसता, तर ती कुरकुर तिला इतकी जिवंत ऐकू आली नसती. लूकच्या उधळ्या पुत्राच्या दाखल्यात पैसा उडवून परतलेल्या धाकट्यासाठी बाप मेजवानी देतो, तेव्हा थोरला भाऊही असाच अंगणात रुसून उभा आहे, आणि तो आत गेला की नाही, हे लूक सांगत नाही.

त्याच वर्षीच्या मे महिन्यात आमच्या घराला रंग देणारा माणूस एके दिवशी दुपारी आला होता, आणि मी त्याला अर्धा रोज दिला होता. हिशेबाने ते बरोबर होते, आणि त्यानेही तक्रार केली नव्हती. दाखल्याच्या त्या रविवारनंतरच्या सोमवारी मी नेहमीच्या वेळेच्या आधी नाक्यावर जाऊन त्याला शोधले. तो दिसला नाही. अजूनही तिथून जाताना मी रंगाऱ्यांच्या घोळक्याकडे पाहतो.