अंधार एवढा का?

माझ्या सिनेमांत अंधार एवढा का, हे तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. नाहीतर ‘सिनेमा छान होता हो, पण जरा दिसला असता तर...’ हे मी लग्नाच्या पंगतीत ऐकलंय, कॉलेज रोडला चहा पिताना ऐकलंय, एकदा दाताच्या डॉक्टरांकडे तोंड उघडं असतानाही ऐकलंय. तेव्हा उत्तर देता येत नव्हतं, ते बरंच झालं.

माझं पाठ झालेलं उत्तर असं: मी जुन्या नाशकातल्या वाड्यात वाढलो. माजघरात उजेड यायचा तो चौकातून, आणि दारात कुणी उभं राहिलं की तोही अडायचा. आजीचा चेहरा मला अर्धाच आठवतो. ‘फाळक्यांच्या गावचे ना तुम्ही?’ म्हणणाऱ्यांना सांगायचो, त्यांना उन्हात चित्रण करावं लागे, तेव्हाच्या फिल्मला उजेडच तेवढा लागायचा. मला दिवा विझवण्याची चैन परवडते. फारच ताणलं कुणी, तर सत्यजित राय यांचे कॅमेरामन सुव्रत मित्रांचं नाव. १९५६ च्या ‘अपराजितो’साठी स्टुडिओत उभारलेल्या बनारसच्या घरावर त्यांनी पांढरं कापड ताणलं आणि दिव्यांचा उजेड त्यावरून परतवून चौकात उतरवला. त्या चौकात माणसं व्यवस्थित दिसतात, हे मी सोयीस्कर गाळायचो.

आता खरं. माझ्या पहिल्या सिनेमात एक म्हातारी माजघरात तांदूळ निवडत असते. चौकात कुणीतरी तिचा मुलगा गेल्याचं सांगतं. तिला ते ऐकू येतं. संवाद नाही. हात थांबतो, मग पुन्हा खडे वेचायला लागतो. नाशिकच्या हौशी रंगभूमीवर आयुष्य काढलेल्या एका बाईंनी ते काम केलं. टेक संपल्यावर मॉनिटरपाशी कुणी बोललं नाही.

टेकच्या आधी लाइट दादा उजेड परतवायची थर्माकोलची शीट धरून फ्रेमबाहेर उभे होते. ‘लावू का सर? डोळ्यांपुरतं?’ मी म्हटलं, नको, वाडा असाच असतो. एका स्टॉपचा प्रश्न होता. दुप्पट उजेड, तोही फक्त सावलीतल्या गालावर.

मुंबईत डीआयच्या, म्हणजे सिनेमाचे रंग-उजेड शेवटचे जुळवतात त्या, काळोख्या खोलीत तो शॉट बघताना माझ्या अंगावर काटा आला होता. नाशकातल्या खेळाला बाई सुना-नातवंडं घेऊन आल्या. पडद्यावर राखाडी डाग. मी अंधारात चाचपडत प्रोजेक्टरच्या खोलीत गेलो. पडद्यावर चौदा फूट-लँबर्ट (पडद्याचा उजेड मोजायचं माप) उजेड पडायला हवा, असा नियम आहे. इथे त्याच्या निम्मा तरी असेल का, शंकाच होती. ऑपरेटर म्हणाला, ‘लॅम्प कमीवरच चालवतो, जास्त टिकतो. नव्याचे पैसे तुम्ही देताय का?’ मी भांडलो. खाली येईपर्यंत प्रसंग संपला होता.

बाहेर बाईंनी माझा हात हातात घेतला. म्हणाल्या, ‘बांगड्या छान वाजल्यात रे माझ्या.’

टोमणा नव्हता तो. असता तर बरं झालं असतं.

कित्येक वर्षं मी हे लॅम्पवर ढकललं. लॅम्प दोषी होताच, आजही म्हणेन. पण थिएटरं अशीच असतात हे मला शूटिंगच्या दिवशी ठाऊक नव्हतं का? होतं. मी त्या एका काळोख्या खोलीसाठी, म्हणजे स्वतःसाठी, शूट करत होतो. तेव्हाचा मी यावर म्हणेल, ‘मग काय, खराब लॅम्पच्या मापाने बघायचं?’ त्याला माझ्याकडे उत्तर नाही. पुढचा सिनेमा मी मुद्दाम उजळ केला. तो साडीच्या दुकानाच्या जाहिरातीसारखा दिसतो. त्याबद्दल मात्र मला कुणीच काही विचारत नाही!

परवा पंचवटीत एका वाड्यात काम चालू होतं. तेच लाइट दादा, आता दाढी पांढरी. न विचारताच त्यांनी थर्माकोल उचललं. मी नको म्हटलं नाही. ‘थोडं मागे,’ म्हटलं. ते एक पाऊल मागे सरले. ‘अजून थोडं.’ ते भिंतीला टेकले आणि माझ्याकडे बघत राहिले.