शून्य पूर्णांक शून्य मिळालेला अल्बम

इंडी रॉकचे, म्हणजे छोट्या स्वतंत्र लेबलांभोवती वाढलेल्या रॉकचे, जे रिव्ह्यू सगळ्यात जास्त गाजले ते एकतर दहापैकी दहावाले नाहीतर शून्यवाले, आणि माझं सरळ मत असं आहे की शून्यवाल्या रिव्ह्यूंमध्ये अल्बमबद्दल फार कमी असतं. असतो तो रुसवा. इतकी वर्षं आपल्या पंगतीत जेवणारा माणूस उठून दुसऱ्यांच्या पंगतीला जाऊन बसला, याचा.

आता हे रिव्ह्यू म्हणजे मुख्यतः पिचफोर्कचे. रायन श्रायबरनं नव्वदच्या दशकात मिनियापोलिसजवळ घरून सुरू केलेली संगीताच्या रिव्ह्यूंची साइट, पुढे शिकागोला गेली आणि २००० नंतर इंडीवाल्यांचं हायकोर्ट झाली. मार्क द्यायची पद्धत ०.० ते १०.०, मधे दशांश. म्हणजे ७.८ आणि ७.९ यात काय फरक असतो हे लिहिणाऱ्यालाही सांगता येणार नाही पण भांडणं मात्र त्यावरच व्हायची. २०००मध्ये रेडिओहेड या बँडच्या किड ए या अल्बमला १०.० मिळाले, २००४मध्ये आर्केड फायरच्या फ्युनरलला ९.७ मिळाले आणि तोवर फारसं कुणी न ऐकलेला बँड एकदम सगळीकडे झाला. जेट या बँडच्या शाइन ऑनला २००६मध्ये ०.० दिले आणि रिव्ह्यूच्या जागी एका चिंपांझीचा घाणेरडा व्हिडिओ लावला, एक शब्दही नाही. तेव्हा लोक खूप हसले होते. मला तो आता निव्वळ आळशीपणा वाटतो, रिव्ह्यू लिहायचे पैसे घेता ना, मग लिहा की.

आपल्याकडे याचा वेगळाच परिणाम व्हायचा. त्या काळात या सीडी पुण्या-मुंबईच्या दुकानांत सहज मिळायच्या नाहीत, त्यामुळे आधी रिव्ह्यू वाचायचा, मग रात्रभर कंप्युटर चालू ठेवून अल्बम उतरवायचा. शून्यवाल्या अल्बमसाठी कोण रात्र घालवणार? तो ऐकलाच जायचा नाही आणि मत मात्र पक्कं असायचं.

गायिका-गीतकार लिझ फेअरचं तेच झालं. १९९३मध्ये मॅटाडोर या छोट्या लेबलवर तिचा एक्झाइल इन गायव्हिल आला, १८ गाणी, आणि ही १८ गाणी म्हणजे रोलिंग स्टोन्स या बँडच्या १९७२च्या एक्झाइल ऑन मेन स्ट्रीटला एकेक करून दिलेलं उत्तर आहे असं ती स्वतः सांगायची. शिकागोच्या विकर पार्क भागात तेव्हा जो इंडीवाल्या पोरांचा गोतावळा होता, ज्यांना रेकॉर्डांबद्दल सगळं माहीत आणि बाईशी धड बोलता येत नाही, त्यांच्यावर तिनं फार शांत आवाजात सगळं काढलं होतं. निर्माता ब्रॅड वुडनं केलेलं रेकॉर्डिंग एकदम सुकं, गिटार अगदी कानाशी, आवाज जवळजवळ सपाट. त्या वर्षीच्या व्हिलेज व्हॉइस या न्यूयॉर्कच्या साप्ताहिकाच्या समीक्षकांच्या मतदानात तो पहिला आला. गंमत बघा, ज्या पोरांना तिनं धुतलं होतं त्यांनीच तिला डोक्यावर घेतलं.

मग दहा वर्षांनी, जून २००३मध्ये, कॅपिटॉल या बड्या लेबलवर तिच्याच नावाचा अल्बम आला. मधे लग्न, मुलगा, घटस्फोट सगळं होऊन गेलेलं, वय ३६. त्यातली चार गाणी तिनं द मॅट्रिक्स या पॉप गाणी बनवणाऱ्या टीमबरोबर केली होती, म्हणजे ज्यांनी वर्षभर आधी टीनएज पॉपस्टार अॅव्हरिल लव्हीनचं कॉम्प्लिकेटेड हे गाणं केलं तेच लोक. झालं. पिचफोर्कनं ०.० दिले. न्यूयॉर्क टाइम्समध्ये ही बाई अॅव्हरिलच्या गावाला राहायला गेली अशा अर्थाचा मथळा आला आणि त्यावर तिनं टाइम्सला आभाळ पडलं म्हणून ओरडत सुटणाऱ्या कोंबडीची गोष्ट लिहून पाठवली, जी मला अल्बमातल्या काही गाण्यांपेक्षा जास्त आवडते.

आता अल्बम. मी तो नीट ऐकला तो खूप उशिरा, स्ट्रीमिंगवर, आणि ऐकताना सारखं वाटत होतं की रिव्ह्यू लिहिणाऱ्यांनी १४ गाण्यांपैकी चारच ऐकली की काय. एक्स्ट्राऑर्डिनरी ठीक आहे, गिटारी नको तेवढ्या चकचकीत. व्हाय कान्ट आय हे सरळसरळ रेडिओसाठी बनवलेलं गाणं आहे आणि त्या कामात ते चोख आहे, कोरस डोक्यातून जात नाही, बिलबोर्ड हॉट १००मध्ये ३२व्या नंबरपर्यंत गेलं ते उगाच नाही. रॉक मी मला अजिबात झेपत नाही. एचडब्ल्यूसी हे गाणं लोकांना धक्का देण्यासाठीच आहे आणि आता धक्का बसत नाही, नुसतं अवघडल्यासारखं होतं.

पण लिटल डिगर! घटस्फोटित आईच्या पलंगावर सकाळी नवीन माणूस दिसतो आणि छोटा मुलगा आपले खेळण्यातले ट्रक आणून त्याला दाखवतो, आणि आई ते बघतेय. बस एवढंच. रागवत नाही, रडत नाही, मुलाला काय सांगायचं हे तिला कळत नाही आणि गाण्यालाही कळत नाही. हे गाणं ज्या अल्बममध्ये आहे त्याला ०.० देणं म्हणजे तुम्ही अल्बमला मार्क दिलेलेच नाहीत, तुम्ही २६ वर्षांच्या लिझ फेअरला परत मागताय. आणि २६ची ती तरी कुठे तुमची होती, ती तर तुमच्यावरच गाणी लिहीत होती. समीक्षक रॉबर्ट क्रिस्टगाउनं, जो तेव्हाच कितीतरी दशकं हे काम करत होता, याच अल्बमला ए ग्रेड दिली. तोही माणूस काय कमी खवचट नाही, पण त्यानं समोरची गाणी ऐकली.

ट्रॅव्हिस मॉरिसनचंही तसंच. त्याच्या डिसमेम्बरमेंट प्लॅन या बँडच्या इमर्जन्सी अँड आयला पिचफोर्कनंच १९९९मध्ये ९.६ दिले होते. २००४मध्ये त्यानं एकट्यानं ट्रॅव्हिस्टन काढला तर ०.०. पुढे त्यानं सांगितलंय की लोकांचं वागणं एका रात्रीत बदललं. ट्रॅव्हिस्टन मला फारसा आवडत नाही, नको तिथे विनोद आहेत, पण चांगला गाणारा-लिहिणारा माणूस घसरला तर तो शून्यावर कसा जातो हे गणित काही कळत नाही.

अर्थात उलटंही होतं. वीझर या बँडचा पिंकर्टन १९९६मध्ये आला तेव्हा रोलिंग स्टोन या मासिकाच्या वाचकांनी त्याला वर्षातल्या सगळ्यात वाईट अल्बमांत टाकलं, कारण पहिल्या अल्बमसारखा गोड नव्हता. २०१०मध्ये त्याची मोठी आवृत्ती निघाली तर पिचफोर्ककडून १०.०. तिथेही रुसवाच होता, फक्त दिशा वेगळी.

लिझ फेअरचा रिव्ह्यू लिहिणाऱ्या मॅट लमेनं २०१९मध्ये तिची जाहीर माफी मागितली, चांगलं केलं. मग २०२१मध्ये पिचफोर्कनं जुन्या १९ रिव्ह्यूंचे मार्क बदलायचा कार्यक्रम केला त्यात हा अल्बम ०.०वरून ६.०वर आला. बरेच जण खूश झाले पण मला हे पटलं नाही. २००३मध्ये पॉपला नावं ठेवणं भारी समजलं जायचं म्हणून शून्य, २०२१मध्ये पॉपला नावं ठेवणं वाईट दिसतं म्हणून सहा. बदललं ते वारं. मला नवीन आकडा नको होता, कुणीतरी लिटल डिगरवर दोन परिच्छेद लिहायला हवे होते.

त्याच वर्षी जूनमध्ये तिचा सोबरिश हा अल्बम आला, आधीच्या अल्बमनंतर अकरा वर्षांनी, परत ब्रॅड वुडबरोबर. रिव्ह्यू वाचायला बसले तर पुन्हा गायव्हिलशी तुलना! बाई ५४ वर्षांची झाली हो. दोन-तीन वाचले आणि बंद केले, अल्बम लावला. सुरुवातीची गाणी मस्त आहेत, शेवटाकडे थोडा रेंगाळतो.