अब्बांची तारीख

आज सगळी दुपार शेजारच्या चाचींचे कागद बघण्यात गेली. नळदुर्गच्या बाजूला त्यांच्या वडलांच्या नावावर थोडी जमीन आहे, वर्षानुवर्षं पडून होती, आता शेजारून मोठा रस्ता गेला तशी भाच्यांना वारस नोंदीची घाई झालीय. तलाठ्याने मृत्यूचा दाखला मागितला, आणि तोच नाही. अब्बा १९४८ च्या सप्टेंबरात बैल बघून येतो म्हणून घरातून निघाले ते निघालेच. चाची तेव्हा दोन वर्षांच्या.

सप्टेंबर ४८ म्हणजे पोलीस अ‍ॅक्शन. १३ तारखेला आपल्या सोलापूरकडूनच भारताची फौज नळदुर्गवर गेली आणि पाच दिवसात निजामाचा कारभार आटोपला. आमच्या घरी त्याच्या आधीचं सगळं ऐकायला मिळायचं, रझाकारांनी गावं कशी लुटली, आजोबांचं खटलं रातोरात बार्शीकडे कसं पळालं, आणि ते खरंच आहे, त्यात खोटं काही नाय. पण नंतरच्या आठवड्यांत मुसलमानांच्या कत्तली झाल्या त्याचं कोणी बोलत नसे. सरकारने चौकशीला पाठवलेली पंडित सुंदरलाल समिती तेव्हा फिरून आली, उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर, नांदेड इथे सगळ्यात जास्त झालं म्हणाली, आणि एकूण मेलेल्यांचा अंदाज दिला २७ ते ४० हजार. रिपोर्ट कित्येक दशकं दाबून ठेवला तो वेगळाच विषय. मला त्या "ते" चा त्रास होतो. मधली १३ हजार माणसं मेली का नाही मेली हेच नक्की नाही, कारण गावोगावी बसून नावं लिहून कोण घेणार होतं?

चाचींची आई लेकरं घेऊन सोलापूरला आली, विड्या वळून सगळ्यांना मोठं केलं, गळ्यातली काळी पोत मात्र शेवटपर्यंत काढली नाही. कोणी म्हणायचं हैदराबादेत बघितलं, कोणी म्हणायचं कराचीला गेले. असं सांगणाऱ्यांचा मला जाम राग येतो, बिचारी प्रत्येक वेळी जाऊन चौकशी करून यायची.

रात्री झोप येईना म्हणून मोबाईलवर स्रेब्रेनिकाचं वाचत बसलो. तिकडे बोस्नियात जुलै १९९५ मध्ये सर्ब फौजेने आठ हजारांवर मुसलमान पुरुष आणि पोरं मारली, आणि नंतर पुरावा नको म्हणून मशिनी लावून तेच खड्डे उकरले, प्रेतं ट्रकने दुसरीकडे नेऊन पुरली, त्यात एकाच माणसाची हाडं दोन-तीन ठिकाणी गेली. मग घरच्यांचं रक्त घेऊन डीएनए जुळवत जुळवत जवळपास सात हजार जणांची ओळख पटवली. आणि पुढचं तर वाचवत नाही, एखाद्या आईला सांगतात मांडीचं हाड मिळालंय, आता तिने ठरवायचं, एवढंच पुरायचं का बाकीचं सापडेपर्यंत थांबायचं. काही जणी पुरतात, दोन-चार वर्षांनी आणखी काही सापडतं, की परत कबर उघडायची. दर ११ जुलैला तिथे असे दफनविधी होतात. जर्मनीत आरोल्सनला तर नाझींच्या वेळचं दप्तर आहे, १ कोटी ७५ लाख लोकांची नावं, त्यातले कितीतरी कागद मारणाऱ्यांनीच ठेवलेले. छावणीत काढून घेतलेली घड्याळं, अंगठ्या अजून घरच्यांना शोधून परत देतात.

चाचींनी कुठल्या दप्तरात विचारायचं?

वकिलांना फोन लावला. ते म्हणाले सात वर्षं माणसाची खबर नसली की कोर्ट त्याला मेला धरतं, पण कधी मेला ते आपोआप धरत नाही, तारखेचा पुरावा द्यावा लागतो, नाहीतर बहुतेक दावा लावला तीच तारीख पडते. हे चाचींना सांगितलं तर आधी हसल्याच, "मग अब्बा शंभराच्या वर जगले की रे!" मग एकदम म्हणाल्या, नको, अठ्ठेचाळीसच लिहायचं.

लिहायचं तर साक्षीदार पाहिजे. चाचींची थोरली बहीण गुलबर्ग्याला असते, तिला तो दिवस आठवतो म्हणतात, अब्बांनी डोक्याला काय बांधलेलं ते पण. ऐकायला फार कमी येतं, कोर्टात कसं होणार काय की. रविवारी तिला आणायला जातोय, गाडी भाच्यांची, डिझेल माझं.