तो आणि तू

वजन अकरा किलो. वय आईच्या सांगण्यावरून तीन वर्षं. हिमोग्लोबिन ३.१. तळहात आणि पापण्यांची आतली बाजू पांढरीफटक. छातीच्या हाडावर मुठीचा सांधा जोरात दाबला तरी हात हलला नाही, नजर कुठे ठरली नाही, फक्त घशातून कण्हल्याचा बारीक आवाज आला. मलेरिया मेंदूत गेला की लहान मुलाची शुद्ध किती आहे हे मोजायला ब्लँटायर स्केल वापरतात. पाच म्हणजे पूर्ण शुद्धीवर. या मुलाला मी एक गुण दिला आणि केसपेपरवर तो आकडा लिहिताना माझा हात थरथरला.

नाशिकला पुस्तकात ते नाव वाचलं तेव्हा ब्लँटायर हे एक शहर आहे हेही मला ठाऊक नव्हतं. आता मी त्या शहरापासून दोन तासांवर, दक्षिण मलावीतल्या एका मिशन हॉस्पिटलच्या बालविभागात उभी होते. २०१९ चा फेब्रुवारी, म्हणजे तिकडचा भर पावसाळा. मक्याची शेतं डोक्याच्या वर गेलेली, जागोजागी पाणी साचलेलं आणि एकेका पलंगावर दोन-दोन मुलं.

मी नाशिकच्या शरणपूरची. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकी मुलं आमच्या शरणपूरच्या मिशनमध्ये वाढली, शिकली, आणि १८६६ मध्ये त्यांतल्या नऊ जणांना स्कॉटिश मिशनरी आणि प्रवासी डॉ. डेव्हिड लिव्हिंग्स्टन आपल्याबरोबर आफ्रिकेत घेऊन गेले, हे आजोबा आम्हाला सांगायचे. १८७३ मध्ये लिव्हिंग्स्टन वारले, तेव्हा त्यांचं हृदय तिथेच झाडाखाली पुरलं आणि त्यावर दफनविधीची प्रार्थना वाचली ती शरणपूरलाच शिकलेल्या जेकब वेनराइटने. हे सांगताना आजोबांचा आवाज दर वेळी भरून यायचा. आमच्या मंडळीतून सहा जणांची वैद्यकीय तुकडी महिनाभरासाठी मलावीला जायचं ठरलं, तेव्हा मी पहिल्या दिवशीच नाव दिलं. लिव्हिंग्स्टन ज्या गावात जन्मले ते स्कॉटलंडमधलं ब्लँटायर, त्यावरून या शहराचं नाव, हे मला तिथे गेल्यावर कळलं.

तर तो मुलगा. संध्याकाळी सहाच्या सुमारास आई त्याला काबाझावर घेऊन आली. काबाझा म्हणजे भाड्याची सायकल, मागच्या कॅरिअरवर माणूस बसतो. चिखलातून तीन तास. मूल पाठीला चितेंजेत बांधलेलं. चितेंजे म्हणजे तिकडच्या बायका कमरेला गुंडाळतात ते छापील कापड. वाटेत त्याला दोनदा झटके आले होते. आम्ही साखर तपासली, डेक्स्ट्रोज दिलं, आर्टेसुनेट या मलेरियाच्या इंजेक्शनचा पहिला डोस दिला. पण खरी गरज रक्ताची होती आणि फ्रीजमध्ये त्या गटाची एकही पिशवी नव्हती. आईची तपासणी केली तर तिचंच हिमोग्लोबिन सात. मुलाचा गट ओ पॉझिटिव्ह, माझाही तोच. सगळ्या तपासण्या करून, क्रॉसमॅच जुळवून रक्त चढायला रात्रीचे अकरा वाजले. मी गोड चहा घेतला आणि परत वॉर्डात आले. डॉक्टरांनी झोपायला सांगितलं होतं, पण मला जाववेना.

एकच्या सुमारास वीज गेली. जनरेटर लागेपर्यंतची चार मिनिटं ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर बंद. मी अँबू बॅग, म्हणजे हाताने श्वास द्यायची पिशवी, दाबत राहिले, सोबतची मलावीची नर्स मोबाइलचा उजेड धरून उभी. त्या चार मिनिटांत मी प्रार्थना करायचा प्रयत्न केला. लहानपणापासून रोज प्रार्थना करत आलेली मी, संडे स्कूलमध्ये बावीस वर्षं मुलांना वचनं पाठ करून घेतलेली, आणि मला एक शब्द सुचेना. "प्रभू" एवढं म्हटलं की पुढे नुसती भिंत. खरं सांगायचं तर मला राग आला होता. इतक्या लांबून तू मला इथे आणलंस, माझ्या अंगातलं रक्त घेतलंस, मग आता वीज कशाला घालवतोस? ती भांडणाची भाषा होती. हे लिहिताना संकोच वाटतोय, पण घडलं ते असं.

तीन वाजून दहा मिनिटांनी मुलगा गेला. पिशवीत अजून निम्मं रक्त शिल्लक होतं. नळीत ते स्थिर उभं राहिलं आणि मी कितीतरी वेळ त्या नळीकडे बघत राहिले.

तिकडे दुःखात असलेल्या माणसाला "पेपानी" म्हणतात, एवढं मी शिकून घेतलं होतं. तोच शब्द घेऊन मी आईपाशी गेले, पण माझ्या तोंडून तो फुटेना. तिने चितेंजे सोडलं, मुलाला त्यात गुंडाळलं, मग माझ्याकडे पाहिलं. माझ्या दंडावरची, रक्त काढलं तिथली कापसाची पट्टी तिला दिसली. तिने त्या पट्टीवर अलगद हात ठेवला आणि तीच म्हणाली, "पेपानी, सिस्टा."

मी तिथेच भिंतीला टेकून खाली बसले.

वॉर्डातल्या बाकीच्या आया एकेक करून उठल्या. तिकडे मुलांच्या देखभालीला घरच्या बायका वॉर्डातच राहतात, खाली चटईवर झोपतात. त्या त्या आईभोवती बसल्या. कोणी मोठ्याने रडलं नाही, बाकीची मुलं झोपलेली होती. त्यांतली एक म्हातारी हलक्या आवाजात काहीतरी म्हणू लागली आणि बाकीच्या तिच्यामागून. मला चिचेवा येत नाही. पण एक शब्द कानावर पडला: म्बुसा. हॉस्पिटलच्या पाळकांना, म्हणजे पाद्रींना, सगळे "अबुसा" म्हणून हाक मारतात, तो आदराने मारलेला हाच शब्द. म्बुसा म्हणजे पाळक, आणि म्बुसा म्हणजे मेंढपाळही. तेव्हा माझ्या लक्षात आलं, या बायका बायबलमधलं तेविसावं स्तोत्र म्हणताहेत.

मी त्यांच्यामागून मराठीत म्हणू लागले. स्वतःची वाक्यं सुचत नव्हती, पण ही पाठ होती. परमेश्वर माझा मेंढपाळ आहे. तो मला हिरव्या कुरणात बसवतो. तो मला संथ पाण्यावर नेतो. तो, तो, तो. मग मृत्युच्छायेची दरी आली, आणि आयुष्यात शेकडो वेळा म्हटलेली ओळ माझ्या तोंडात अडकली: कारण तू मजबरोबर आहेस. आतापर्यंत सगळं "तो" होतं. कुरणात तो, पाण्यापाशी तो. दरीत पाऊल पडलं आणि त्याचा "तू" झाला. इतकी वर्षं मुलांकडून पाठ करून घेताना माझ्या हे कधी लक्षात आलं नव्हतं. आमच्या घरी वडिलांना अहोजाहो, आईला मात्र तू. मघाशी अंधारात मी देवाशी भांडले तेही "तू" म्हणूनच भांडले होते. म्हणजे मी दारापाशीच उभी होते.

रडू आलं. मोकळं, खूप वेळ. त्या म्हातारीने माझं डोकं आपल्या मांडीवर घेतलं आणि ती मला "अमायी" म्हणत थोपटत राहिली. अमायी म्हणजे बाई, आई. ऐकायला अगदी आपल्या "माय"सारखं.

उजाडल्यावर त्या आईला घेऊन जायला तिचा दीर आला. सोबत चर्चच्या महिला संघाच्या दोघी होत्या, त्या संघाला तिकडे म्वानो म्हणतात. त्यांनी जाताना माझे दोन्ही हात धरले. मुलगा का गेला, याचं उत्तर मला त्या रात्री मिळालं नाही, अजूनही मिळालेलं नाही. पण मी तिथून पळाले नाही. उरलेले सोळा दिवस काम केलं आणि रात्री झोपही लागली.

निघण्याआधी सोबतच्या नर्सकडून मी ती ओळ हातमोज्यांच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर देवनागरीत लिहून घेतली: इनु मुली न्दी इने. तू माझ्याबरोबर आहेस. त्यांच्यात देवाला आदरार्थी "इनु" म्हणतात, आपल्या "तुम्ही"सारखं, हेही तिनेच सांगितलं.

मुलगा गेला त्याच दिवशी दुपारी त्या पलंगावर दीड वर्षाची मुलगी आली होती. स्कोअर तीन, अंग तापाने फणफणलेलं. आई कोवळी, विशीचीही नसेल, भेदरून माझा कोपर सोडत नव्हती. मी एका हाताने तिचा हात धरला आणि दुसऱ्या हाताने आर्टेसुनेटची बाटली उजेडात हलवत राहिले. पावडर पूर्ण विरघळून पाणी नितळ झाल्याशिवाय ते सिरिंजमध्ये ओढायचं नसतं.